वर्कट्री वेगळ्या, स्टॅश मात्र एकच: एजंट सांभाळणारं अ‍ॅप पाच महिने वापरल्यावर

क्लॉड कोड, कोडेक्स आणि जेमिनी सीएलआय हे कोड लिहिणारे एआय एजंट एकाच खिडकीत चालवणाऱ्या एका मॅक अ‍ॅपबद्दल हे लिहितोय. इन्स्टॉल करणं सोपं आहे, ते सोडून देतो. लिहायचं कारण म्हणजे परवा एका एजंटने दुसऱ्याचं अर्धवट काम स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतलं आणि अ‍ॅपने त्याची साधी खूणही दाखवली नाही.

अ‍ॅप प्रत्येक एजंटला गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) वेगळी वर्कट्री, म्हणजे त्याच प्रकल्पाचं स्वतंत्र कामाचं फोल्डर, काढून देतं. ही सोय गिटमध्ये २०१५ पासून, म्हणजे २.५ आवृत्तीपासून आहे. फोल्डर वेगळं, हेड (सध्या कुठल्या ब्रँचवर आहोत ती खूण) वेगळा, इंडेक्स (पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदीत, जाणारे बदल) वेगळा. एकच ब्रँच दोन वर्कट्रींत उघडायला गेलात तर गिट स्वतःच अडवतं. स्टॅशला, म्हणजे अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवण्याच्या सोयीला, मात्र हा नियम नाही. अख्ख्या रिपॉझिटरीत मिळून स्टॅशची एकच चळत असते. एका एजंटने रिबेसच्या (आपले कमिट नव्या पायावर पुन्हा लावण्याच्या) आधी ‘गिट स्टॅश’ केलं आणि तेवढ्यात दुसऱ्याने ‘गिट स्टॅश पॉप’ (ठेवलेलं परत काढणं) केलं, तर सगळ्यात वरचा गठ्ठा दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जातो.

काम परत मिळतं. पॉप झाल्यावर ‘ड्रॉप्ड’च्या ओळीत हॅश, म्हणजे त्या गठ्ठ्याचा ओळखक्रमांक, छापलेला असतो. मूळ वर्कट्रीत जाऊन तो ‘गिट स्टॅश अप्लाय’पुढे द्यायचा. ओळ सापडली नाही तर ‘गिट एफएससीके’ने सुटे पडलेले कमिट काढून ‘डब्ल्यूआयपी ऑन’ने सुरू होणारा संदेश शोधायचा. एरवी गिट सफाईत असे कमिट दोन आठवडे राखतं, त्यामुळे उशीर नको.

एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये ‘स्टॅश नको, अर्धवट कामाचा कमिट करा’ असं लिहून पाहिलं. संभाषण लांबलं की एजंट ते विसरतो. क्लॉड कोडच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांच्या ‘डिनाय’ (मनाई) यादीत गिट स्टॅश टाकलं, तेव्हा कुठे ते थांबलं. हे अ‍ॅपने वर्कट्री काढतानाच करायला हवं.

बाकीच्या अडचणी सेटअप स्क्रिप्टने सुटतात. एन्व्ह फाइल (पासवर्डसारख्या सेटिंग्जची) गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) असल्याने नव्या वर्कट्रीत येत नाही, ती कॉपी करायची. जावास्क्रिप्टच्या पॅकेजेससाठी एनपीएमऐवजी पीएनपीएम वापरा. ते एकाच साठ्यातून जोडून घेतं, एनपीएमने मात्र दरवेळी डिस्क भरते. प्रत्येकाला वेगळा पोर्ट द्या. आणि डेटाबेसही वेगळा, नाहीतर एकाच्या मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलण्याने) दुसऱ्याच्या टेस्ट कोसळतात. पोस्टग्रेसमध्ये मूळ डेटाबेस टेम्पलेट म्हणून देऊन ‘क्रिएटडीबी’ चालवलं की झटक्यात प्रत मिळते, पण मूळ डेटाबेसवर एकही कनेक्शन उघडं असलं तर ते नकार देतं. आधी तो डेटाबेस वापरणारा डेव्हलपमेंट सर्व्हर बंद करा.

पहिले दोन महिने मत असं होतं की टीमक्समध्ये (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणाऱ्या साधनात) तीन टर्मिनल फुकटात हेच देतात, मग पैसे कशाला? ते मत बदललं एका ठिपक्यामुळे. टर्मिनलच्या गर्दीत एजंट ‘ही कमांड चालवू का?’ असं विचारून अर्धा अर्धा तास अडकून राहतो आणि कळतही नाही. इथे त्याच्या नावापुढे लगेच ठिपका येतो. डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या पानावर) ओळीवर टिप्पणी लिहिली की तीही थेट त्याच एजंटकडे जाते.

खर्च मात्र नीट पाहा. तिन्ही वर्कट्रींत क्लॉडच लावला तर दर पाच तासांसाठी मिळणारी वापराची मर्यादा तिघांत वाटली जाऊन दुपारपर्यंतच संपते. म्हणून आता रचनेचं काम क्लॉडकडे, टेस्ट लिहिणं कोडेक्सकडे, आणि तिसरी वर्कट्री बंद. स्टॅशचा बंदोबस्त अ‍ॅपमध्ये येईपर्यंत वर्षाचे पैसे एकदम भरणार नाही, महिन्याचाच प्लॅन चालू ठेवणार.