लॅब्रॅडोर की गोल्डन? शिकवण्याच्या दृष्टीने

"लॅबला शिकवावं लागत नाही" आणि "गोल्डन कधी चावत नाही". लॅब्रॅडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं म्हटलं की ही दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. दोन्ही खोटी आहेत, आणि त्यांच्या भरवशावर निवड केली तर हाल पिल्लाचे होतात.

दोन्ही जाती एकाच कामासाठी घडल्या: शिकाऱ्याने टिपलेला पक्षी न चिरडता तोंडात धरून आणायचा. लॅबचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांसोबत पाण्यात राबणारे, तर गोल्डनची सुरुवात १८६८ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये झाली. त्यामुळे वस्तू तोंडात धरणं दोघांच्या रक्तातच आहे. सोडणं मात्र शिकवावं लागतं. पिल्लू चप्पल घेऊन पळालं की आपण आरडाओरडा करत मागे धावतो. त्याला वाटतं, खेळ सुरू झाला. दोन दिवसांत ते मुद्दाम चप्पल दाखवून पळू लागतं. त्याऐवजी जागेवर बसा, हातात खाऊ धरा, चप्पल खाली पडताच "सोड" म्हणा आणि खाऊ द्या. इथे दोन्ही जाती सारख्याच.

फरक पडतो तो पोटापाशी. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गायब असतो. अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते आणि वजनही वाढतं. गोल्डनमध्ये हा बदल आढळला नाही. विशेष म्हणजे अपंग व्यक्तींचे मदतनीस म्हणून निवडलेल्या लॅबमध्ये त्याचं प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश निघालं. खाऊसाठी वाटेल ते करणारा कुत्रा शिकवायला सोपा जातो, हे त्याचं एक कारण असू शकतं. म्हणून "खाऊ दिला की कुत्रा लोभी होतो" हे मला अजिबात पटत नाही. फक्त लॅबचा खाऊ त्याच्या रोजच्या जेवणातूनच वजा करा, आणि तुकडा हरभऱ्याएवढाच ठेवा.

गोल्डनही खाऊसाठी शिकतो, पण शाबासकी आणि सहवासावर तो जास्त चालतो, असं माझं निरीक्षण आहे. आवाज चढला की कान मागे जातात, नजर चुकवतो, आणि लोक म्हणतात "हट्टी आहे". तो घाबरलेला असतो. "दरारा हवाच" ही समजूत दोघांनाही घातक, पण गोल्डन तिच्यापायी लवकर मिटतो. घरात चिडकी माणसं असतील तर आधी त्यांच्याशी बोला, पिल्लू नंतर आणा.

चॉकलेटी लॅब मठ्ठ असतो, ही निव्वळ अफवा. रंग बघून कुत्रा निवडू नका.

"सहा महिन्यांचा झाला की शिकवू" हे तर सगळ्यात महागात पडतं. माणसं, आवाज, इतर प्राणी यांची भीड चेपण्याचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा. पिल्लू घरी येतं तेव्हा त्यातला निम्मा संपत आलेला असतो. आठ आठवड्यांचं पिल्लू "बस" आणि हाकेला येणं सहज शिकतं, एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरतात.

घरात खाणं उघड्यावर राहत असेल आणि ती सवय सुटणार नसेल, तर मी गोल्डन सुचवेन. रोज केस विंचरायला वेळ नसेल तर लॅब. आणि पहिली दोन वर्षं रोज वेळ देणं जमणारच नसेल, तर वयाने मोठा झालेला कुत्रा दत्तक घ्या. तोही उत्तम शिकतो.