पल्पच्या डब्ल्यूआरव्हीसाठी (तंतू किती पाणी धरून ठेवतो ते मोजायला) घेतलेलं सेंट्रीफ्यूज: वर्षभराचा अनुभव

मशीन चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे एकाच गोष्टीवरून कटकट आहे.

व्हिस्कोस धाग्यासाठी येणारा पल्प, म्हणजे लाकडाचा लगदा, किती रिअ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे रसायनं किती नीट घेतो, ते रोजच्या रोज कळावं म्हणून हे घेतलं. त्याची थेट चाचणी म्हणजे फॉक टेस्ट, पण तिच्यातला सीएस टूचा (कार्बन डायसल्फाइडचा) वास आणि तीन तासांचं शेकिंग प्रत्येक लॉटला परवडत नाही. त्यापेक्षा तंतू पाणी किती धरतो ते बघायचं: ३००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट जोर), १५ मिनिटं, ओलं वजन, मग १०५ डिग्रीच्या ओव्हनमधून कोरडं वजन. जो तंतू चांगला फुगतो, त्यात कॉस्टिक सोडाही आतपर्यंत शिरतं, असा हिशोब.

सुरुवातीपासून डब्ल्यूआरव्हीचे आकडे मिलच्या सर्टिफिकेटपेक्षा वरच. परचेसवाले खूश. मला पटेना. वाळवलेल्या शीटमधली छिद्रं एकदा मिटली की पुरती उघडत नाहीत, मग हा पल्प एवढा फुगतो कसा? शेवटी पट्टी घेऊन रोटर मोजला. मशीन जी काढतं ते नळीच्या तळाचा १७ सेंमी रेडियस धरून. आपलं पॅड, म्हणजे पल्पची ओली चकती, बसतं कपातल्या जाळीवर, १४ सेंमीवर. म्हणजे स्क्रीनवर ३००० आणि पॅडवर जेमतेम २४७०! पाणी कमी निघतं, आकडा फुगतो.

रेडियस बदलायची सोय मेनूत आहे, पण पासवर्डमागे. सर्व्हिसवाला फोनवर म्हणाला, “सर, व्हिजिट चार्ज लागेल.” एक आकडा टाकायला व्हिजिट? दिला नाही. आरपीएम मोडवर ४३८० लावतो, म्हणजे पॅडवर खरे ३००० जी पडतात; तशी चिठ्ठी झाकणावर चिकटवली आहे. पण प्रिंटमध्ये ३६४० जी छापून येतं आणि प्रत्येक ऑडिटर त्यावरच बोट ठेवतो.

तेव्हा दोनच स्टार देणार होतो. मे महिन्यात मत बदललं. लॅबचा एसी बंद, तरी चेंबर २३ डिग्रीवर टिकला. ब्रेकही झकास, मशीन पटकन थांबतं; जुन्या मशीनचं झाकण उघडेपर्यंत पॅड खालचं पाणी परत ओढून घ्यायचं. आता रुपयाएवढी घट्ट चकती निघते, चिमट्याने उचलली की थेट वजनाच्या बाटलीत.

एक मात्र खरं, हा पाण्यातला फुगवटा आहे, १८ टक्के कॉस्टिकमधला नव्हे. सारख्याच डब्ल्यूआरव्हीच्या दोन लॉटपैकी एकाने आमचे फिल्टर चोंदवले होते. नव्या मिलचा पल्प आला की नाक दाबून फॉक करतोच.

चार स्टार. एएमसी (वर्षाचा देखभाल करार) घेतलेलं नाही, घेणारही नाही. तुम्ही घेणार असाल तर डेमोलाच रेडियसचा मेनू उघडायला लावा आणि पासवर्ड परचेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या.