ओपनएलसीए: योगदानाचे आकडे स्पष्ट, वाटप मात्र पडद्याआड

कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत उत्पादनाचा पर्यावरणावर पडणारा भार मोजण्यासाठी, म्हणजेच जीवनचक्र मूल्यमापनासाठी (एलसीए), बर्लिनच्या ग्रीनडेल्टाने विकसित केलेले ओपनएलसीए हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मोफत मिळते. पैसे मोजावे लागतात ते इकोइन्व्हेंटसारख्या डेटाबेसच्या परवान्यासाठी. त्याच्या सगळ्याच सोयींचा आढावा घेण्याचा इथे हेतू नाही. एकाच प्रक्रियेतून दोन-तीन उत्पादने बाहेर पडतात तेव्हा पर्यावरणीय भाराची वाटणी कशी झाली आणि त्या वाटणीमुळे योगदानाचे आकडे कसे बदलले, हे वापरणाऱ्याला निकालात कळते का, एवढाच प्रश्न मी तपासला आहे.

योगदान दाखवण्यात हे सॉफ्टवेअर खरोखर चांगले आहे. गणना झाल्यावर 'कॉन्ट्रिब्युशन ट्री', म्हणजे योगदानाची झाडी, उघडली की हवामानबदल, आम्लीकरण अशा कोणत्याही परिणामगटासाठी पुरवठासाखळीच्या फांद्या एकेक करून खाली उलगडत जाता येते, आणि प्रत्येक ठिकाणी त्या फांदीचा एकूण भार व त्या प्रक्रियेचा स्वतःचा थेट भार असे दोन आकडे वेगवेगळे दिसतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नवखा माणूस एकूण भाराचा रकाना वाचून वरच्या प्रक्रियेलाच दोषी धरतो, प्रत्यक्षात उत्सर्जन चार पायऱ्या खाली, वीजनिर्मितीत होत असते. प्रक्रियांमधले प्रवाह कमी-जास्त जाडीच्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या सँकी आकृतीतही हे दोन्ही आकडे असतात. मात्र किती टक्क्यांखालच्या प्रक्रिया वगळायच्या ती मर्यादा जास्त ठेवली, तर असंख्य लहान प्रक्रिया आकृतीतून गायब होतात आणि उरलेल्या दोन-चार प्रक्रियाच सर्वस्व वाटू लागतात.

खरी अडचण वाटपाची आहे. प्रत्येक प्रक्रियेच्या 'अ‍ॅलोकेशन' पानावर भौतिक (उदा. वस्तुमान), आर्थिक (किंमत) आणि कारणाधारित (प्रत्येक आदान-उत्सर्जनासाठी वेगळा) अशा तिन्ही पद्धतींचे गुणक, म्हणजे कोणत्या उत्पादनावर भाराचा किती वाटा टाकायचा ते आकडे, भरता येतात, सॉफ्टवेअरकडून काढूनही घेता येतात. गणनेच्या खिडकीत यांपैकी एक पद्धत, किंवा 'प्रक्रियेत ठरवल्याप्रमाणे', किंवा 'काहीच नाही' असे पर्याय असतात. 'काहीच नाही' निवडले तर सगळा भार मागितलेल्या उत्पादनावरच पडतो. 'प्रक्रियेत ठरवल्याप्रमाणे' हा पर्याय निरुपद्रवी दिसतो, पण त्याने एकाच साखळीत एके ठिकाणी वस्तुमान तर दुसरीकडे किंमत अशी सरमिसळ होऊ शकते.

यातून निकाल किती हलतो ते एका उदाहरणात पाहू. मिठाच्या द्रावणाच्या विद्युत अपघटनातून क्लोरीन, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन एकाच वेळी मिळतात. रासायनिक समीकरणानुसार १ टन क्लोरीनमागे सुमारे १.१३ टन कॉस्टिक सोडा आणि साधारण २८ किलो हायड्रोजन निघतो. वस्तुमानाने वाटणी केली तर हायड्रोजनच्या वाट्याला सुमारे १.३ टक्के भार येतो. मोलच्या, म्हणजे रेणूंच्या, संख्येने केली तर तोच वाटा २५ टक्के होतो, म्हणजे सुमारे १९ पट. कारखाना तोच, वीज तीच, मीठ तेच.

आता हाच हायड्रोजन मुख्य उत्पादन धरून योगदानाची झाडी उघडा. अपघटनापर्यंतच हिशेब केला असेल, तर दोन्ही गणनांमध्ये विजेचा टक्का अगदी सारखा दिसतो, कारण एकच गुणक प्रक्रियेतल्या सर्व आदानांना आणि उत्सर्जनांना लागलेला असतो. एकूण आकडा १९ पट बदलतो आणि टक्केवारी मात्र हलत नाही. निव्वळ टक्केवारीचा तक्ता अहवालात छापणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वाटपाचा पत्ताच लागत नाही.

पुढे हायड्रोजन दाबून भरण्याचा टप्पा जोडला की चित्र उलटते. समजा, १ टन क्लोरीनमागे अपघटनाला २५०० युनिट वीज लागते आणि दर किलो हायड्रोजन दाबण्यासाठी २.५ युनिट. वस्तुमानाच्या वाटपात दर किलोमागे अपघटनाच्या वाट्याला जेमतेम १.२ युनिट येतात, त्यामुळे दोन तृतीयांशाहून अधिक भार दाबण्याच्या टप्प्यावर दिसतो. मोलच्या वाटपात अपघटनाचे २२ युनिट होतात आणि दाबण्याचा वाटा १० टक्क्यांवर घसरतो. पहिला निकाल वाचून कोणी कंप्रेसर बदलण्याचा सल्ला देईल, दुसरा वाचून अपघटनाच्या सेलचा. असा निर्णय ज्या गुणकावर अवलंबून आहे, तो योगदानाच्या झाडीत कुठेही दिसत नाही; तो पाहायला निकाल बाजूला ठेवून मूळ प्रक्रियेच्या पानावर जावे लागते. माझ्या मते हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत गंभीर दोष आहे.

आणखी एक गैरसमज वारंवार आढळतो. इकोइन्व्हेंटच्या 'कट-ऑफ' आवृत्तीतल्या प्रक्रिया वाटप उरकून आधीच एक-उत्पादनी करून दिलेल्या असतात. गणनेच्या खिडकीत आर्थिक ऐवजी भौतिक पद्धत निवडली, तरी त्या पार्श्वभूमीच्या प्रक्रियांत काहीही बदलत नाही. बदलतात त्या फक्त तुम्ही स्वतः उभारलेल्या बहु-उत्पादनी प्रक्रिया. दोन गणनांत जवळजवळ सारखा आकडा आला म्हणून 'निकाल वाटपाच्या बाबतीत स्थिर आहे' असे लिहिणे म्हणूनच चुकीचे ठरू शकते. सॉफ्टवेअर इथे साधी सूचनाही देत नाही.

वाटप टाळून टळलेल्या उत्पादनाचे श्रेय घेतले, म्हणजे सहउत्पादनामुळे इतरत्र जे बनवावे लागले नाही त्याचा भार वजा केला, तर झाडीत उणे आकडे येतात आणि इतर फांद्या १०० टक्क्यांपलीकडे जातात. हा बिघाड नव्हे. अशा वेळी टक्केवारी सोडून मूळ एककातले आकडेच वाचावेत.

आयएसओ १४०४४ या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा अशी की शक्यतो प्रक्रिया विभागून किंवा प्रणालीचा विस्तार करून वाटप टाळावे, ते न जमल्यास भौतिक संबंध आणि त्यानंतरच किंमत यांसारखे इतर आधार घ्यावेत. आणि एकाहून अधिक पद्धती लागू पडतील असे दिसल्यास संवेदनशीलता विश्लेषण करावे, म्हणजे पद्धत बदलल्यावर निकाल किती हलतो ते तपासावे. त्यासाठी ओपनएलसीएचा 'प्रोजेक्ट' विभाग फार उपयोगी आहे: एकच उत्पादनप्रणाली वेगवेगळ्या वाटपपद्धतींसह शेजारी-शेजारी ठेवून एकाच तक्त्यात तुलना करता येते. ही सोय मुख्य गणनेपासून दूर असल्याने अनेकांना ती माहीतच नसते.

स्वतःची मॉडेल्स स्वतः उभारणाऱ्या आणि गुणकांची वेगळी नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकांना मी हे सॉफ्टवेअर निःसंकोच सुचवेन. दुसऱ्याने बांधलेले मॉडेल उघडून थेट निकाल वाचणाऱ्यांनी आधी प्रत्येक बहु-उत्पादनी प्रक्रियेचे वाटपाचे पान पाहावे, मगच झाडीकडे वळावे. ग्रीनडेल्टाने योगदानाच्या झाडीत लागू झालेल्या गुणकाचा एक रकाना दिला, तर ही फेरी वाचेल.