वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमधील कारागिरी: ३००पर्यंतचा खर्च वसूल होतो का?

ब्लिझार्ड या कंपनीने ऑगस्ट २०१९मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ हा ऑनलाइन खेळ खुला केला, तेव्हा मूळ खेळाच्या १.१२ या आवृत्तीतली व्यवसायांची रचना जवळजवळ जशीच्या तशी परत आली. तिच्यासोबत नव्या खेळाडूला हमखास पडणारा प्रश्नही परत आला: लोहारकाम, शिवणकाम किंवा अल्केमी (औषधे आणि रसायने बनवणे) यांसारख्या व्यवसायातले कौशल्य १पासून ३०० या कमाल आकड्यापर्यंत नेण्यात जे गोल्ड (खेळातले चलन) आणि जो वेळ खर्च होतो, तो भरून निघतो का? माझ्या मते बहुतेक व्यवसायांत तो भरून निघत नाही, आणि ज्या थोड्या ठिकाणी निघतो तिथे पैसा टंचाईतून येतो. ३०० हा आकडा चिकाटी असलेल्या कोणालाही गाठता येतो, त्यामुळे निव्वळ त्या आकड्यासाठी बाजारात कोणी जास्तीचे दाम मोजत नाही.

या खेळात एका पात्राला दोनच मुख्य व्यवसाय घेता येतात. त्यांत खाणकाम, वनस्पती गोळा करणे आणि कातडी सोलणे हे तीन कच्चा माल मिळवून देणारे आहेत, तर अल्केमी, लोहारकाम, चर्मकाम, शिवणकाम, इंजिनीअरिंग आणि एन्चांटिंग (वस्तू मंतरून त्यांना जादा शक्ती देणे) हे सहा त्या मालापासून काही घडवणारे आहेत. स्वयंपाक, मासेमारी आणि प्रथमोपचार यांची गणना या दोनांत होत नाही. कौशल्य वाढवण्याची रीत सगळीकडे सारखी आहे. रेसिपी, म्हणजे वस्तू बनवण्याची कृती, यादीत नारिंगी दिसते तोवर वस्तू बनवली की एक गुण नक्की मिळतो, पिवळी झाली की कधी मिळतो आणि कधी हुकतो, हिरवी झाल्यावर क्वचितच मिळतो आणि करडी झाल्यावर मुळीच मिळत नाही. साहजिकच प्रत्येक जण कमीत कमी मालात जास्तीत जास्त गुण देणारी रेसिपी शोधतो, आणि अशा रेसिपी मोजक्याच असल्याने सर्व्हरवरचे सगळे कारागीर एकाच वेळी त्याच वस्तूंचा ढीग घालत असतात.

लोहारकामातले उदाहरण घेऊ. कौशल्य १६५ झाले की शिकता येणारे ‘ग्रीन आयर्न ब्रेसर्स’ बहुतेक प्रत्येक लोहाराने कधी ना कधी बनवलेले असतात, आणि त्यांच्या एका नगाला सहा आयर्न बार आणि एक ग्रीन डाय लागतो. आयर्नफोर्ज शहरातल्या ऑक्शन हाउसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या लिलाव-बाजारात, हे नाव टाकून शोधले की एकाखाली एक त्याच मनगटपट्ट्यांच्या ओळी येतात आणि प्रत्येक विक्रेत्याने आधीच्यापेक्षा काही कॉपर (सर्वांत लहान नाणे) कमी भाव लावलेला दिसतो. त्याच वेळी ‘आयर्न बार’ शोधले तर सहा बारांची किंमत त्या तयार पट्टीपेक्षा जास्त असल्याचे लक्षात येते. म्हणजे घाम गाळून घडवलेल्या मालापेक्षा कच्चे लोखंडच महाग! याचे कारण उघड आहे. लोखंड सगळ्यांना हवे असते, पट्टी मात्र अंगात घालण्यासाठी फार थोड्यांना हवी असते, कारण त्या पातळीच्या योद्ध्याला क्वेस्टमधून (नेमून दिलेल्या कामगिरीतून) किंवा डंजनमधून (शत्रूंनी भरलेल्या भुयारातून) तितकीच चांगली वस्तू फुकट मिळून जाते. शिवाय ऑक्शन हाउस विक्रीच्या रकमेतून ५ टक्के कापून घेते, आणि माल विकला गेला नाही तर आधी भरलेली अनामतही बुडते. म्हणून कौशल्य वाढवताना तयार झालेला माल खेळातल्याच दुकानदाराच्या गळ्यात मारून मोकळे व्हावे, किंवा जोडीला एन्चांटिंग असेल तर तो मोडून त्याची मंतरण्यासाठी लागणारी धूळ करून घ्यावी. शिवणकाम आणि एन्चांटिंग ही जोडी लोकप्रिय आहे ती याच कारणाने; शिवाय कापड कोणत्याही माणसासारख्या शत्रूकडून मिळते आणि त्यासाठी गोळा करण्याचा वेगळा व्यवसाय घ्यावा लागत नाही.

खऱ्या अर्थाने वसूल होणारा व्यवसाय म्हणून मी अल्केमीचे नाव घेईन, आणि त्यातही तिच्या औषधांपेक्षा तिच्या एका कूलडाउनचे, म्हणजे ठरावीक काळाने एकदाच करता येणाऱ्या कृतीचे. एक थोरियम बार आणि एक आर्केन क्रिस्टल घेऊन अल्केमिस्ट एक आर्केनाइट बार बनवतो, पण ते दोन दिवसांतून एकदाच. या रेसिपीला २७५ कौशल्य लागते आणि ती टॅनारिसमधल्या गॅजेटझानला पेस्टलझग नावाच्या विक्रेत्याकडे मिळते. शेवटच्या पातळीवरची उत्तमोत्तम शस्त्रे आणि चिलखते याच धातूवर अडलेली आहेत. ‘लायनहार्ट हेल्म’ या शिरस्त्राणाला असे १२ बार लागतात, म्हणजे एकट्या अल्केमिस्टचे जवळजवळ २४ दिवस. ‘सल्फ्युरॉन हॅमर’ला ५० लागतात, म्हणजे १०० दिवस. एवढे थांबणे कोणालाच परवडत नाही, म्हणून गिल्ड (खेळाडूंचा संघ) दहा ठिकाणांहून बार गोळा करते, आणि क्रिस्टलची किंमत वजा जाता उरणारा फरक प्रत्येक अल्केमिस्टच्या पदरात पडतो. हा फरक एका खेपेला फार मोठा नसतो, पण त्यासाठी खेळात शिरून एक बटण दाबण्यापलीकडे काही करावे लागत नाही. नोकरी आणि घर सांभाळून खेळणाऱ्या माणसाला यासारखी दुसरी सोय नाही. कौशल्य २२५च्या पुढे नेण्यासाठी पात्राची पातळी फक्त ३५ असावी लागते, त्यामुळे पुष्कळ जण ३५ पातळीचे दुसरे, तिसरे पात्र केवळ या एका कामासाठी ठेवतात आणि माझ्या दृष्टीने तो या खेळातला सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

शिवणकामात हीच जागा मूनक्लॉथची आहे. दोन फेलक्लॉथपासून एक मूनक्लॉथ मूनवेल या जादुई कुंडाजवळच बनवता येते आणि मग सुमारे चार दिवस थांबावे लागते. त्याखेरीज शिंप्याला बारमाही गिऱ्हाईक मिळते ते पिशव्यांचे. रूनक्लॉथ बॅगेत १४ खाने असतात, तिला कापडाचे पाच तागे आणि प्रत्येक ताग्याला पाच रूनक्लॉथ लागतात, म्हणजे एका पिशवीत २५ तुकडे जातात. नफा बारीक असतो, पण ही वस्तू पडून राहत नाही, कारण नवे पात्र काढणारा प्रत्येक जण चार पिशव्या घेतोच.

लोहाराची गोष्ट अधिक कठीण आहे. लायनहार्ट हेल्मची रेसिपी जगात कुठेही, कोणत्याही शत्रूकडून क्वचित मिळणारी आहे आणि ज्याच्या हाती ती लागली त्याच्याकडे लोक रांग लावतात, बाकीचे ३०० कौशल्याचे लोहार बघत राहतात. चर्मकामात डेव्हिलसॉर या प्राण्याच्या कातडीचे हातमोजे आणि विजार यांना मोठी मागणी असते, पण ती कातडी फक्त अन्गोरो क्रेटरमध्ये मिळते आणि अनेक सर्व्हरवर संघटित टोळ्यांनी ती जागा अडवून ठेवल्याचे खेळाडूंनी पाहिले आहे. इंजिनीअरिंगमधून पैसा मिळवण्याचा विचार करूच नये. त्यातली बरीच उपकरणे इंजिनीअरलाच वापरता येतात, आणि ज्याला इतर खेळाडूंशी लढायचे आहे त्याने तो व्यवसाय पदरमोड करून खुशाल घ्यावा.

एन्चांटिंगबद्दल भारतातून खेळणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. क्लासिकमध्ये मंतरलेली शक्ती ऑक्शन हाउसमध्ये ठेवून विकता येत नाही. गिऱ्हाइकाने समोर यावे, ट्रेडच्या खिडकीत शस्त्र ठेवावे आणि आपण ते मंतरून द्यावे, असाच व्यवहार असतो. युरोपातल्या सर्व्हरवर ही वर्दळ तिथल्या संध्याकाळी असते, आणि हिवाळ्यात तिथले सात म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा. ‘क्रुसेडर’सारखी मागणी असलेली रेसिपी वेस्टर्न प्लेगलँड्समध्ये झगडून मिळवली, तरी राजधानीत उभे राहून ओरडण्याची वेळ आपल्या झोपेवर येते. आर्केनाइटला हे बंधन नाही. तो सकाळी चहा पिताना बनवून ऑक्शनला लावता येतो.

नव्या खेळाडूने मात्र यांपैकी काहीही सुरुवातीला घेऊ नये. ४० पातळीला पहिल्या घोड्यासाठी सुमारे १०० गोल्ड लागतात आणि ६०ला वेगवान घोड्यासाठी सुमारे १०००. घडवण्याचा व्यवसाय घेणारा खेळाडू त्या वाटेवर सतत खर्च करत असतो, तर खाणकाम आणि कातडी सोलणारा जाता जाता माल गोळा करून त्याच कारागिरांना विकत असतो. खाणकाम आणि वनस्पती ही जोडी मी टाळेन, कारण नकाशावर धातू आणि वनस्पती या दोन्हींच्या खुणा एकाच वेळी चालू ठेवता येत नाहीत. घोडा हाती आल्यावर एक व्यवसाय सोडून अल्केमी किंवा शिवणकाम घ्यावे. प्रथमोपचार मात्र पहिल्या दिवसापासून शिकावे. ३५ पातळीला जखमींना वाचवण्याची एक क्वेस्ट करावी लागते, पण पुढे रूनक्लॉथची जाड पट्टी आठ सेकंदांत २००० आरोग्य भरून देते, आणि ज्या योद्ध्याकडे स्वतःला बरे करण्याची विद्या नाही त्याला याहून स्वस्त उपाय सापडणार नाही.

२०२३मध्ये आलेल्या हार्डकोअर सर्व्हरवर हा सारा हिशेब उलटतो. तिथे पात्र एकदा मेले की संपले. तिथे स्वतः बनवलेली औषधे, शत्रूचे लक्ष वळवणारी इंजिनीअरची बाहुली आणि योग्य पातळीला अंगावर चढवलेले चिलखत यांची किंमत गोल्डमध्ये मोजण्यात अर्थ नाही. त्यातही ‘सेल्फ-फाउंड’ पद्धत निवडली तर ऑक्शन हाउस आणि देवाणघेवाण दोन्ही बंद असतात, आणि मग मघाशी ज्यांना मी तोट्याचे म्हटले ते ग्रीन आयर्न ब्रेसर्स लोहार आनंदाने स्वतः घालतो. लोहारकाम ज्यांना मनापासून आवडते त्यांनी ते याच सर्व्हरवर करावे असे मी सुचवेन. साध्या सर्व्हरवर पैशासाठी येणाऱ्याने आपल्या सर्व्हरवरचा आर्केन क्रिस्टल आणि आर्केनाइट बार यांच्या भावातला फरक आठवडाभर पाहावा आणि मगच अल्केमीवर पहिला गोल्ड खर्च करावा.