पीटी स्लॅबचं स्ट्रेसिंग: क्यूबवर विसंबायचं की मॅच्युरिटीवर?

पीटी म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबमध्ये काँक्रीटने पुरेशी ताकद धरली की आतल्या पोलादी केबल जॅकने ताणतात, हेच स्ट्रेसिंग. त्याला स्लॅब तयार आहे का, हे ठरवायला साइटवर दोन वाटा आहेत. स्लॅबशेजारी ठेवलेले क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुना-ठोकळे, फोडायचे, नाहीतर आत पुरलेल्या सेन्सरवर मॅच्युरिटी, म्हणजे तापमान आणि वेळ यांचा साठत गेलेला हिशोब, वाचायची. पृष्ठभागावर आपटून उसळीवरून ताकद सांगणारा रिबाउंड हॅमर मी यात धरतच नाही. आयएस 13311 या जुन्या भारतीय मानकातच त्याच्या अंदाजाला ±25 टक्क्यांची सूट होती.

क्यूबचं मोठेपण मान्य करायलाच हवं. मिक्सरमध्ये कुणी जादा पाणी सोडलं, तर ते क्यूबमध्ये दिसतं. सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. तो फक्त तापमान मोजतो. ताकद आपण लॅबमध्ये त्याच मिक्सच्या नमुन्यांवरून काढलेल्या आलेखावर वाचतो. सिमेंट किंवा अॅडमिक्स्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) बदललं की आलेख नव्याने काढणं आलं.

तरीही माझं मत फिरलं ते पुण्यातल्या थंडीमुळे. डिसेंबरात सकाळी स्लॅबला हात लावला तर कोमट लागतो आणि त्याच गाडीतून भरलेला क्यूब गारठलेला असतो. 150 मिमीच्या ठोकळ्यात उष्णता टिकणार किती? मॅच्युरिटीच्या नर्स-सॉल सूत्रात आधार तापमानाच्या वरचे अंश तासांनी गुणतात; ते आधार तापमान 0° धरा. स्लॅब सरासरी 30° वर राहिला तर 24 तासांत 720 अंश-तास जमतात. 18° वरच्या क्यूबला तेवढ्यासाठी 40 तास लागतात. म्हणजे क्यूब कमी ताकद दाखवतो, जॅकवाली टीम बसून राहते आणि स्लॅब मात्र केव्हाच तयार झालेला असतो. दर हिवाळ्यात हेच.

याची उलटी बाजू मला जास्त भीतीदायक वाटते. क्यूब 27° च्या टाकीत ठेवले आणि स्लॅबची उघडी कड रात्रभर गारठली, तर क्यूब ‘झालं’ म्हणतो आणि कड कच्चीच असते. 1978 मध्ये अमेरिकेत विलो आयलंडचा कूलिंग टॉवर बांधताना कोसळला आणि 51 कामगार गेले. आदल्या दिवशी ओतलेलं काँक्रीट थंडीत पुरेसं धरलंच नव्हतं.

मॅच्युरिटी अगदी बिनचूक आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या अनुभवात पहिल्या काही दिवसांत ती चांगली जुळते. पुढे मात्र जपून, कारण सुरुवातीला फार तापलेलं काँक्रीट नंतर मागे पडतं आणि आलेख ते दाखवत नाही. 28 दिवसांच्या स्वीकृतीला क्यूबच लागतील. स्ट्रेसिंगआधीही दोन-तीन क्यूब फोडून पडताळा घ्यावा. आलेखाशी सतत फरक दिसला तर आधी आलेख तपासावा.

निवड माझ्यावर असेल तर स्ट्रेसिंगसाठी मी सेन्सरच घेईन. फक्त तो स्लॅबच्या मध्यावर पुरू नका, तिथे ऊब सर्वांत जास्त असते. शेवटी ओतलेल्या भागात, केबलचं टोक धरणाऱ्या कडेच्या अँकरजवळ बांधा. जॅकचा सगळा दाब तिथेच येतो.