पर्यावरणाचे आंतरराष्ट्रीय पुरस्कार: बेळगाव-खानापूरच्या मंडळांनी कुठलं दार ठोठवावं?

गोल्डमन पुरस्काराला ‘हरित नोबेल’ म्हणतात. त्यामुळे एखादं गावातलं मंडळ सगळ्यात आधी त्याचंच संकेतस्थळ उघडतं आणि अर्जाचा फॉर्म शोधत बसतं. फॉर्म सापडत नाही, कारण तो नाहीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या रिचर्ड आणि ऱ्होडा गोल्डमन दांपत्याने १९८९ मध्ये सुरू केलेल्या या पुरस्कारात जगाचे सहा विभाग धरून दरवर्षी साधारण सहा जण निवडतात. रक्कम २ लाख डॉलर. नावं येतात ती त्यांनी नेमलेल्या संस्थांकडून आणि गुप्त ठेवलेल्या तज्ज्ञांकडून. मेधा पाटकरांना १९९२ मध्ये, छत्तीसगडातल्या हसदेवच्या जंगलासाठी लढणाऱ्या आलोक शुक्लांना २०२४ मध्ये तो मिळाला, तोही असाच. पुरस्काराचं वजन वादातीत आहे, पण अर्ज करू पाहणाऱ्या मंडळाच्या सोयीने ५ पैकी १.

आपल्या भागातल्या बचत गटांना, देवराई राखणाऱ्या गावांना, बियाणं जपणाऱ्या शेतकरी संघांना खरोखर बसणारा पुरस्कार म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, म्हणजे यूएनडीपीचा, इक्वेटर पुरस्कार. २००२ पासून तो फक्त स्थानिक आणि आदिवासी समूहांना देतात. एकट्या माणसाला नाही, सरकारी खात्यालाही नाही. रक्कम १० हजार डॉलर. अर्ज स्वतः करता येतो, फी नाही. फार लांब बघायला नको: धारवाड जिल्ह्यात कुंदगोळ तालुक्यातल्या तीर्थ गावच्या बीबी फातिमा महिला बचत गटाला २०२५ चा इक्वेटर पुरस्कार मिळाला. काम कसलं? नाचणी-राळ्यासारखी भरडधान्यं मिश्र पिकात परत आणणं आणि गावाची बियाणं बँक चालवणं. त्याआधी २०२१ मध्ये होन्नावरच्या स्नेहकुंज ट्रस्टलाही तो मिळाला होता. बेळगावातून दोन्हीकडे जाऊन, बघून, विचारून येता येतं. आमच्या मते ५ पैकी ४.

एक गुण कापला तो भाषेसाठी. अर्ज मराठीत वा कन्नडमध्ये भरता येत नाही. मग तालुक्याचा कोणी शिकलेला माणूस इंग्रजीत भरून देतो आणि अर्ज तिथेच पडतो, कारण तो सत्काराच्या भाषणासारखा लिहिलेला असतो. ‘आमच्या मंडळाने मोठ्या प्रमाणावर वृक्षारोपण करून मोलाचे कार्य केले आहे’ या वाक्यात परीक्षकाच्या हाताला काहीच लागत नाही. आधी आपल्या मराठीत नीट लिहा, मग भाषांतर करून घ्या. नमुन्यादाखल असं: ‘जून २०२२ मध्ये ओढ्याच्या दोन्ही काठांना ४०० रोपं लावली: जांभूळ १५०, करंज १५०, वेळू १००. मे २०२३ च्या मोजणीत जांभूळ ७०, करंज १३५, वेळू ६०, एकूण २६५ जिवंत. करंजाला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून ती टिकली. जांभूळ कुंपणाअभावी गेली. दुसऱ्या वर्षी जांभळाला काटेरी फांद्यांचं कुंपण केलं.’ गेलेली रोपं लपवू नका. का गेली आणि पुढे काय बदललं, हे सांगणारा अर्जच परीक्षकाला खरा वाटतो.

मोजणी मे महिन्यातच करा. ऑक्टोबरात सगळं हिरवंच दिसतं, त्या आकड्याला किंमत नाही. फोटोसाठी एक दगड रंगवून ठेवा, त्यावर उभं राहून एकाच दिशेला जून, ऑक्टोबर आणि मे असे वर्षातून तीन फोटो काढा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून. हे फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की त्यातली जागेची नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मूळ फाइल कार्डावर जपून ठेवा. तीन वर्षांचे चांगले फोटो एवढ्याने वाया जातात. आणि इक्वेटरसाठी गट निदान तीन वर्षं जुना हवा, हे विसरू नका.

आता सीमाभागाची खास अडचण. मंडळाच्या नोंदणीवर ‘बेळगाम’, पॅनकार्डावर ‘बेलगाम’, बँकेत ‘बेळगावी’. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारीरीत्या बदललं, जुने कागद तसेच राहिले. माणसांच्या नावांचंही तेच: मराठी आडनाव कन्नडमध्ये लिहिलं, तिथून इंग्रजीत आलं की आधारवर एक आणि ठरावावर दुसरंच. ग्रामपंचायतीचे ठराव आणि पीडीओंचा, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांचा, दाखला कन्नडमध्ये असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्यावं लागतं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार या तिघांची नावं सगळ्या कागदांवर अक्षरन् अक्षर जुळवून घेणं हे पुरस्काराच्या आधीचं काम आहे. निवड झाल्यावर धावपळ करून जमत नाही.

कारण खरा अडथळा पुढे आहे, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. परदेशी पैसा भारतातल्या संस्थेच्या खात्यात थेट येत नाही. (संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा पैसा या कायद्यात परदेशी धरत नाहीत, म्हणून इक्वेटरच्या रकमेचं आधी सीएला विचारून घ्या.) त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते: संस्था तीन वर्षं जुनी, मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले, दर्पण पोर्टलचा क्रमांक, आणि पैसे उतरवायला स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच खातं. जांबोटीकडच्या एखाद्या मंडळाचा १५ लाख खर्च कुठून होणार? त्यांच्यासाठी दुसरी वाट पूर्वपरवानगीची. ठरावीक दात्याकडून ठरावीक रकमेसाठी एफसी-३बी हा अर्ज करायचा, सोबत रक्कम आणि कारण लिहिलेलं दात्याचं पत्र जोडायचं. पुरस्कार जाहीर झाला की ते पत्र पहिल्याच ईमेलमध्ये मागा. बरेच जण सुचवतात की पैसा एखाद्या मोठ्या संस्थेच्या खात्यात घेऊ, मग ती आपल्याला देईल. २०२० च्या दुरुस्तीनंतर हे बेकायदा आहे. परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही, आणि त्यात देणारी-घेणारी दोन्ही अडकतात. सीएला आधीच विचारा, प्राप्तिकराचंही तेव्हाच विचारून घ्या.

भीमगडाभोवती वन्यजीवांवर काम करणाऱ्यांसाठी दार वेगळं: इंग्लंडच्या व्हिटली निधीचा व्हिटली पुरस्कार. हा समूहाला नाही, काम पुढे नेणाऱ्या एका माणसाला, पण ५० हजार पौंड त्याच्या खिशात जात नाहीत, प्रकल्पावर खर्च करायचे असतात. २०१७ मध्ये संजय गुब्बींना कर्नाटकातल्या वाघांच्या भ्रमणमार्गांसाठी मिळाला. भीमगड अभयारण्य गोव्याच्या म्हादईला आणि काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला जोडतं, बारापेडे गुहांत रॉटन नावाचं दुर्मीळ वटवाघूळ आहे, म्हणजे विषय भरपूर. मात्र ‘जंगल वाचवू’ एवढ्यावर भागत नाही. कुठली जात, कुठला पट्टा, आज काय स्थिती, वर्षभरात मोजता येईल असा बदल कुठला, हे लागतं, आणि परीक्षकांशी बोलणं इंग्रजीतून. वन खात्याच्या परवानगीचे कागद आधी हवेत, गुहेत शिरून काढलेले फोटो अर्जाला जोडणं तर मुळीच नको. ५ पैकी ३.

चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या ऊसपट्ट्याने ॲश्डेन पुरस्कारांकडे पाहावं. ऊर्जेच्या कामासाठी ब्रिटनमध्ये २००१ पासून देतात. पुण्याच्या आरती संस्थेला २००२ मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी आणि २००६ मध्ये ओल्या कचऱ्याच्या छोट्या बायोगॅससाठी मिळाला. कोलारच्या एसकेजी संघाला २००७ मध्ये शेणाच्या बायोगॅससाठी. पाचट हेक्टरी साधारण १० टन निघतं आणि आपल्याकडे ते अजून पेटवलं जातं, याचं वाईट वाटतं. बायोगॅसचं काम दाखवायचं तर बांधलेल्यांपेक्षा आज चालू किती, हा आकडा पुढे ठेवा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. दोन म्हशींच्या घरी ते बांधून दिलं तर वर्षात बंद पडणारच. निकष आणि गट दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षाची जाहिरात वाचूनच ठरवा. ५ पैकी ३.

स्वीडनच्या राइट लाइव्हलीहूड पुरस्कारासाठी कोणीही नाव सुचवू शकतं, फक्त स्वतःचं, नातेवाइकाचं वा आपल्याच संस्थेचं नाही. बाबा आमटे, मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाला तो १९९१ मध्ये मिळाला. संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ मानाचा, २०२४ मध्ये माधव गाडगीळांना जीवनगौरव म्हणून दिला, आपल्या पश्चिम घाटासाठी ही मोठी गोष्ट. गावच्या मंडळाने मात्र त्यात वेळ घालवू नये.

शेवटी ईमेलने येणारे ‘आंतरराष्ट्रीय पर्यावरणरत्न’ छापाचे पुरस्कार. खूण एकच: तुम्ही अर्ज न करता निवड झालेली असते आणि मग नोंदणी, सन्मानचिन्ह, हॉटेलातल्या टेबलाचे पैसे मागतात. इक्वेटर, गोल्डमन, राइट लाइव्हलीहूड यांपैकी कोणीही विजेत्याकडून पैसे घेत नाही. शंका आली तर मागच्या तीन वर्षांचे विजेते शोधा आणि त्यांपैकी दोघांना फोन करून विचारा, रक्कम मिळाली का आणि किती भरावी लागली. विजेत्यांची यादीच नसेल तर ईमेलला उत्तर देऊ नका. मंडळाच्या ठरावाची प्रत, आधार आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश तर अजिबात पाठवू नका.