एनसीपीएला प्रयोगाला जायचे आहे: लोकलने, मेट्रोने की बेस्टने?

मरीन ड्राइव्ह जिथे संपतो त्या नरीमन पॉइंटच्या टोकावर राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडचे एनसीपीए, उभे आहे. तिथले टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झाले. परंतु चर्चगेटला उतरल्यावर उरणारे दीड-दोन किलोमीटर कसे कापायचे, हा प्रश्न उपनगरांतून येणाऱ्या प्रेक्षकाला तेव्हापासून पडत आला आहे. ९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ पूर्ण मार्गावर धावू लागली आणि या प्रश्नाला नवे उत्तर मिळाले. मात्र ते उत्तर प्रत्येकाच्या सोयीचे आहे असे नाही.

बोरिवली, कांदिवली किंवा अंधेरीहून येणाऱ्याला पश्चिम रेल्वेची जलद लोकल आजही सर्वांत स्वस्त पडते. चर्चगेटपर्यंत दुसऱ्या वर्गाचे तिकीट अंधेरीहून १० रुपये, तर बोरिवलीहून १५ रुपये आहे. मेट्रो ३ वर टोकापासून टोकापर्यंतचे भाडे ७० रुपये आहे. शिवाय अंधेरीकराला आधी मेट्रो १ ने मरोळ नाक्याला जाऊन तिथे गाडी बदलावी लागते. त्याच्या बदल्यात मिळतो तो वातानुकूलित, धक्काबुक्कीविना होणारा प्रवास. प्रयोगासाठी इस्त्री केलेला कुर्ता घालून निघालेल्या माणसाला ही बाब क्षुल्लक वाटणार नाही. मरोळ, सीप्झ, वांद्रे-कुर्ला संकुल, वरळी किंवा गिरगाव यांपैकी कुठे घर अथवा कचेरी असेल, तर मात्र फार विचार न करता मेट्रोच घ्यावी. विधान भवन स्थानकातून बाहेर पडल्यावर पंधरा-एक मिनिटांची चाल उरते. कफ परेड हे शेवटचे स्थानक असल्यामुळे तेच जवळचे असेल, असे समजून पुढे जाऊ नये.

ठाणे, डोंबिवली किंवा चेंबूरहून येणाऱ्याने घाटकोपरला उतरून दोन मेट्रो बदलण्याचा द्राविडी प्राणायाम करू नये. मध्य किंवा हार्बर मार्गाने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे. तिथून मेट्रोने हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन अशी तीनच स्थानके आहेत. बेस्टची ए-११५ ही बस तर टर्मिनसहून एनसीपीएलाच जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहरातील पहिली वातानुकूलित विजेवरची दुमजली बस याच मार्गावर सुरू झाली. वातानुकूलित बसचे किमान भाडे १२ रुपये आहे. हाताशी अर्धा तास असेल आणि वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर माझी पसंती निःसंशय या बसलाच राहील. परंतु कार्यालये सुटण्याच्या वेळी रस्त्यावरील कोंडीचा भरवसा नसतो, आणि तिसरी घंटा कोणासाठी थांबत नाही.

रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला जाणाऱ्याने आदल्या दिवशी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहावे. ब्लॉक ज्या मार्गावर असेल, त्या दिवशी लोकलची स्वस्ताई वाट पाहण्यातच खर्ची पडते. अशा वेळी दादरला उतरून तिथून मेट्रो घेणे शहाणपणाचे ठरते. पावसाळ्यात चर्चगेटहून समुद्राच्या कडेने चालत जाण्याचा मोह टाळावा. भरतीच्या लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात आणि ओल्या कपड्यांनी वातानुकूलित प्रेक्षागृहात दोन तास बसणे फार सुखाचे नसते. एरवी संध्याकाळी हीच पंचवीस मिनिटांची चाल मला कोणत्याही वाहनापेक्षा अधिक आवडते.

खरा निर्णय करावा लागतो तो परतीचा. मेट्रो ३ च्या शेवटच्या गाड्या टोकाच्या स्थानकांवरून रात्री साडेदहाच्या सुमारास सुटतात, तर लोकल मध्यरात्र उलटेपर्यंत चालू असतात. साडेसातला सुरू होणारे तीन अंकी नाटक, त्यानंतर कलाकारांना भेटायला लागलेली रांग आणि मग स्थानकापर्यंतची चाल एवढे जमेस धरले, तर मेट्रो हुकण्याची शक्यता पुरेशी असते. म्हणून जाताना मेट्रो आणि येताना चर्चगेटपर्यंत टॅक्सी करून लोकल, अशी विभागणी मी बहुतेकांना सुचवतो. टॅक्सीत तिघे-चौघे असले, तर माणशी खर्च बसभाड्याच्या फारसा पुढे जात नाही.